नदीकडचं दार

नावाडीबाबांच्या डोक्यात तिडीक गेली की ते दोन्ही हातांनी पगडी खाली दाबायचे. गेल्या वर्षभरात ती इतक्यांदा दाबली गेली होती की भुवया दिसेनाशा झाल्या होत्या. कारण एकच, गुरुद्वाऱ्याचं नदीकडचं दार. कमिटी ते विटांनी बुजवणार होती, आणि कमिटीची सेक्रेटरी होती त्यांचीच सून. म्हणजे भांडायचं तरी कुठे? बैठकीत तिला चार शब्द सुनावावेत, तर घरी जेवायला तीच वाढणार.

सुनेचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबायचं. पूल झाल्यापासून सगळे रस्त्याकडून येत. गुरुग्रंथसाहिबांचं आसन मात्र नदीकडे तोंड करून मांडलेलं, त्यामुळे येणारा प्रत्येक जण पाठीमागून आत शिरायचा. शिवाय दर पुराचं पाणी त्याच दारातून घुसायचं आणि सतरंज्या वाळवता वाळवता बायकांच्या नाकी नऊ यायचे. दार बुजवायचं, आसन फिरवायचं, प्रश्न मिटला. बाबांनी बैठकीत उठून सुचवलं, त्यापेक्षा रस्त्याकडचं दार बंद करा. सगळे हसले. त्यांनी विनोद केलाच नव्हता. ते स्वतः अजूनही पुलाखालून चिखल तुडवत, नदीच्या पायऱ्या चढून येत.

ही जागा मुळात होडीची वाट बघणाऱ्यांसाठी बांधलेली पत्र्याची शेड. पलीकडे राहणारी कारखान्यातली माणसं काम सुटल्यावर तिथे थांबायची. एका संध्याकाळी पाणी चढलं आणि तरण्या नावाड्याने होडी सोडायला साफ नकार दिला. लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी शिव्याही संपल्या. मग एका म्हाताऱ्या लोहाराने पलीकडच्या घरांकडे तोंड करून गुरुबाणीचा पाठ म्हणायला घेतला. डब्यांत जे काही उरलं होतं ते एकत्र करून सगळे एका ओळीत जेवायला बसले, आणि ज्याला शिव्या घातल्या त्या नावाड्यालाही त्यांनी हाताला धरून त्याच ओळीत बसवलं. आयुष्यात त्याला इतक्या मानाने कुणी बसवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पाणी उतरलेलं असूनही ती माणसं पाठाला आणि एकत्र जेवायला थांबली. शेडला भिंती आल्या, गुरुद्वारा झाला, तोंड नदीकडेच राहिलं.

हे सगळं बाबा सांगायला लागले की ऐकणाऱ्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं. आणि कमिटीने इतिहासाची पाटी करायला टाकली, तिच्यावर काय, तर ‘शांत, रम्य नदीकाठ पाहून भाविकांनी ही जागा निवडली.’

“निवडली कसली? अडकले होते सगळे,” बाबा घरी कडाडले.

“बाबा, पाटीवर असं लिहितात का कुणी?” सून म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

दार बुजलं. बुजलेल्या जागी आतून ती पाटी बसवली, आणि सर्वांत जुने म्हणून तिच्यावरचा पडदा बाबांनीच सरकवायचा असं ठरलं. हा मान की थट्टा, हेच त्यांना कळेना. त्या दिवशी सुनेने त्यांचा सदरा इस्त्री करून ठेवला. ते तो घालून सकाळीच निघाले. कार्यक्रमाची वेळ टळली तरी पत्ता नाही, तेव्हा तिने सगळीकडे शोधलं. ते नदीच्या पायऱ्यांवर सापडले. चपला खाली काढून ठेवलेल्या. विटांच्या भिंतीबाहेर जुना उंबरा तेवढा शिल्लक होता, त्यावर त्यांनी माथा टेकला होता.

“बाबा, आत सगळे खोळंबलेत. इथे मागे काय करताय?”

“मागे नाही गं,” ते उठत म्हणाले. “मी नेहमीसारखा समोरूनच आलोय.”

आत लाउडस्पीकरवर त्यांना बोलावत होते, विटांमुळे ते नीट ऐकूही येत नव्हतं. सुनेने वाकून त्यांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायापाशी ठेवल्या. बाबांनी पगडी खाली दाबली, वळसा घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याकडच्या दाराने गुरुद्वाऱ्यात शिरले.