जी नदी मी चाळीस वर्षं सांगत आले

जमिनीच्या पोटातून वाहणारी एक नदी मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले आणि ती मी पाहिलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यावर विश्वास ठेवून फसायला नको.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार धीट समजत होते. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहायचो. शेजारपाजार सगळा विणकरांचा, घरात तेलुगू बोलणारा. त्यांनीच आंध्राची सहल काढली आणि दोन जागा उरल्या म्हणून आम्हा नवराबायकोला घेतलं. तिकडे पूर्वेच्या डोंगरात एक भलीमोठी गुहा आहे, तिच्या तळातून नदी वाहते, असं शेजारीण म्हणाली. झालं, त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक बाईला मी आपणहून थांबवून सांगू लागले की मी पाताळात चालले आहे. प्रवासासाठी टाचेच्या चपला घेतल्या. काळा चष्मा घेतला. गुहेत जायला काळा चष्मा घेणारी बाई कशी असेल, हे वेगळं सांगायला नको.

सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं, बालपण मेंढरांमागे गेलेलं. पाण्याबद्दल त्या अशा बोलायच्या, की जणू ते कुणीतरी मोठं माणूस आहे आणि पलीकडच्या खोलीत बसलंय. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. खण, नारळ, पसाभर गहू, हळकुंड, सुपारी. आमच्याकडे नवी नदी पहिल्यांदा भेटली की तिची ओटी भरतात. पहिल्यांदाच. पुन्हा गेलं तर नुसता नमस्कार.

"आत्याबाई, ती जमिनीखाली आहे," मी म्हटलं.

"मग काय झालं? वर असू दे, न्हायतर खाली. बाईच हाय की ती. तितं अंधारात तिला कोण खण नेणार? तू ने."

गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन होतं. समोर डोंगर जांभई दिल्यासारखा उघडा पडलेला आणि त्यातून गार, वटवाघळांच्या वासाचा वारा येत होता. त्या काळी आत दिवे नव्हते. वाटाडे हातात पलिते घेऊन माणसांना नेत. मी मोजून दहा पायऱ्या उतरले. अकराव्या पायरीवर पायच उचलेना. पुढचे पलिते एकेक करून लहान होत गेले, आणि मला वाटलं, मी जिथे चालले आहे तिथून परत येणारी बाई मी नसेन, दुसरीच कुणीतरी असेल.

"माझं पोट दुखतंय," मी यांना म्हटलं. पोट उत्तम होतं. सकाळीच सहा इडल्या खाल्ल्या होत्या.

हे आत गेले आणि मी बाहेर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसले, काळा चष्मा लावून. मग ओटीची आठवण झाली. फाटकाजवळ एक नळ ठिबकत होता. पाणी ते पाणी, असा विचार करून मी त्या नळाची ओटी भरली. नळाला हळदकुंकू लावलं, खाली खण पसरला, वर गहू आणि नारळ ठेवला, हात जोडले. डोळे उघडते तो एक माकडीण नारळ घेऊन कुंपणावर बसलेली. पोटाशी पिल्लू होतं. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की मला तिची माफी मागावीशी वाटली.

दीड तासानं हे बाहेर आले. मी विचारलं, "काय काय होतं आत?" आमचे हे शब्द कोळशासारखे जपून वापरायचे. म्हणाले, "बरंच होतं." एवढंच.

घरी आले तर सासूबाई दारातच. माझ्या पायांवर पाणी घालायच्या आधी त्यांनी विचारलं, "भेटली का?"

मी म्हटलं, "भेटली."

एकच शब्द होता. पण सासूबाई ज्वारी निवडायला बसल्या आणि म्हणाल्या, आता बैजवार सांग. मग मला नदी तयार करावी लागली. पहिल्या दिवशी नुसतं काळं पाणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या काठाला पांढऱ्या दगडांची सभा बसवली, दगडी माणसं मांडी घालून नदीचं ऐकत बसलेली. महिन्याभरात ती डावीकडे वळू लागली आणि वळणावर दिसेनाशी होऊ लागली. सासूबाईंनी विचारलं, "तिचा आवाज कसा हाय?" मी सुपातल्या ज्वारीकडे बघत म्हटलं, "शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेत बोलावं तसा. शब्द कळत नाहीत, पण आपल्याचबद्दल आहे असं वाटतं." सासूबाईंचा हात सुपातच थांबला. मग हळूच म्हणाल्या, "व्हय. असाच असंल."

खोटं सांगताना इतकं गोड वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. हे कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले असायचे. एकदाही बोलले नाहीत. फक्त नदी डावीकडे वळली की अडकित्ता थांबायचा.

सासूबाई त्या नदीवर पुरा विश्वास ठेवून गेल्या. हेही गेले, त्याला आता सहा वर्षं झाली. मधल्या काळात नदी मी मुलांना सांगितली, भिशीच्या बायकांना सांगितली, आणि सर्वांत जास्त सांगितली नातीला. तिला झोप यायची नाही. मी तिला रोज त्या काठाने चालवत न्यायची, वळणापर्यंत. वळणाच्या आधीच ती झोपायची.

ती नात आता पुण्यात दगडांचा अभ्यास करते. भूशास्त्र. यंदा सुट्टीला सोलापूरला आली आणि म्हणाली, "आजी, चल. तुझी नदी बघून येऊ. आता तू मला दाखवायची."

मी गुडघे पुढे केले. ती म्हणाली, आता पायऱ्यांना कठडे आहेत, दिवे आहेत. मी रक्तदाब पुढे केला. तिने गोळ्या पिशवीत भरल्या. दोन दिवस मला जेवण जाईना. बाकी कुणाला कळलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं, पण ही पोर माझ्या थापेच्या काठाने चालत चालत इतकी लांब गेली होती. तिला मी काय दाखवणार होते? पांढरी सभा? डावीकडचं वळण? वाटेत मी उत्तरं तयार करत होते. आता म्हातारपण आलंय, आठवत नाही. किंवा, सरकारनं सभा दुसरीकडे हलवली असेल.

डोंगर चढणारी गाडी बोगद्यामागून बोगदे घेत होती. उजेड, अंधार, उजेड. प्रत्येक बोगद्यात खिडकीच्या काचेत एक म्हातारी दिसायची आणि बाहेर पडलो की तिच्या जागी हिरवा डोंगर यायचा. मला मधूनच डुलकी लागत होती आणि डुलकीत मी कधी सव्वीसची, कधी सासूबाई.

गुहेचं तोंड तेच होतं, जांभई अजून मिटलेली नव्हती. नातीने माझा हात धरला. अकरावी पायरी कधी आली आणि गेली ते कळलंच नाही, कारण वाटाड्या पोटतिडकीनं बोलत होता. छताकडे बोट करून तो तेलुगूत सांगायचा, हा हत्ती, ही बाळ घेतलेली आई, हा ध्यानाला बसलेला ऋषी. नात कानात कुजबुजायची, "आजी, यातलं काही नाहीये. पाणी ठिबकून ठिबकून चुनखडी साचलीय." मला मात्र तो माणूस एकदम घरचा वाटला. आमचा दोघांचा धंदा एकच.

दिवे लाल, हिरवे, निळे. त्या रंगांतून आम्ही पाण्याखालून चालल्यासारखे चाललो होतो. माणसांचे आवाज छताला लागून मऊ होऊन खाली येत. कुठेतरी एक थेंब पडायचा, आणि दुसरा पडेपर्यंत वाट बघावी असं वाटायचं. मी किती उतरले, किती वेळ, काही सांगता येणार नाही. पाय दुखत होते, पण ते दुसऱ्याच कुणाचे दुखावेत तसे. वाटाड्या मागे वळून म्हणायचा, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा." म्हणजे हळू, आई, हळू. आमची शेजारीण मला जिन्यावर असंच म्हणायची.

तळाशी कठडा होता. त्याच्या खाली, दोन पुरुष खोल, नदी.

मी तिच्याकडे बघितलं. ती लहान होती. आवाज जवळजवळ नव्हताच. काळ्या पाण्यावर दिव्याचा एक पिवळा तुकडा पडला होता. तो हलत होता, म्हणून पाणी चाललंय हे कळत होतं. सभा नव्हती. ती सरळच एका भेगेत शिरत होती. आणि तरी मी तिच्याकडे बघत राहिले, जसं आपण खूप पत्रं लिहिलेल्या माणसाला पहिल्यांदा बघतो.

माझा हात आपोआप पिशवीत गेला. खण, नारळ, गहू. घरून गुपचूप आणलं होतं.

"हे काय?" नात म्हणाली.

"ओटी."

"दगडावर हळदीचा डाग राहतो, आजी. इथं काही टाकू देत नाहीत." मग ती थांबली. हुशार आहे ती, आणि या चालीरीती तिला मीच शिकवल्यात. "पण ओटी पहिल्या भेटीला भरतात ना? दुसऱ्यांदा नुसता नमस्कार."

मी खणाची घडी करत राहिले. खण लहान होता, लगेच घडी झाली.

"तू भरली होतीस की. पणजीनं दिली होती."

"नळाची भरली होती," मी म्हटलं. "फाटकाजवळच्या."

मग सगळं सांगितलं. दहा पायऱ्या, इडल्या, माकडीण. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. कठड्याला धरून उभी राहिली. वाटाड्या पुढच्या लोकांना घेऊन वर निघाला, तरी ती हलली नाही.

"प्रवेशाच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, हाच विषय का," ती शेवटी म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या आजीनं जमिनीखालची नदी बघितलीय."

"पोरी, नदी खरी आहे की."

"नदी खरी आहे. तू नव्हतीस तिथं."

मी म्हटलं, "भ्याले होते गं. आणि तुझ्या पणजीनं दारातच विचारलं." खालून पाणी चाललं होतं, पिवळा तुकडा हलत होता. थोड्या वेळानं तिने पिशवी माझ्या हातातून घेतली, कारण वर चढायचं होतं आणि मला कठडा धरायला दोन्ही हात लागणार होते. चढताना ती माझ्या मागे होती. प्रत्येक पायरीला तिचा तळवा माझ्या पाठीला टेकत होता.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. दोन बोगदे गेले. मग तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फोन आला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय आहे, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय गं, आजी सांगायची तशीच आहे का नदी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. नवी नवरीही इतकी गुंडाळत नसेल.

"नाही," ती म्हणाली. "आजीच्या नदीपेक्षा लहान आहे."

तो हसला, म्हणाला, तुझी आजी वाढवूनच सांगते, आणि फोन ठेवला. गाडी एका दरीच्या काठाने चालली होती. खाली धुकं होतं आणि धुक्यात कुठेतरी कुणीतरी गुरं हाकत होतं.

"मी वाचवलं नाहीये तुला," नात म्हणाली. "घरी तूच सांगायचं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"तोंडानं नाही जमायचं. बोलायला लागले की वाढतं. लिहून सांगितलं तर चालेल?"

तिने विचार केला. गुहेपासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थोडं काहीतरी हललं.

"चालेल. पण एकही दगड वाढवायचा नाही."

मी मान हलवून हो म्हटलं. पुढचा बोगदा येईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, खरी मान हलवली की खोटी, ते तपासत.