सरकलेला काटा
सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला की मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातली आमची प्रयोगशाळा आठवते. साठचं दशक सरत आलं होतं. नव्या उपकरणासाठी दोनपैकी एक ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा इवलासा सुटा भाग, निवडायचा होता. एक माझ्या पसंतीचा, दुसरा माझ्या तंजावरी सहकाऱ्याच्या. त्याच्या ऑप-अँपवर मीटरचा काटा ढळत नाही, हे त्यानं महिनाभर घाम गाळून तपासलं होतं. साहेब बघायला आले, तेव्हा मी तापलेली सोल्डरिंग आयर्न गुपचूप त्याच्या ऑप-अँपजवळ सरकवली. उष्णतेनं काटा हलला. “हा नको,” साहेब म्हणाले. “अण्णा, काल तुमच्यासमोरच स्थिर होता की!” तो कळवळून मला म्हणाला. “मला नाही आठवत,” मी म्हणालो. साहेब गेल्यावर त्याला आयर्न दिसली. ती उचलून त्यानं स्टँडवर ठेवली. “हात भाजेल, अण्णा,” एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या, तर मी केव्हाच विसरलो असतो.