मालनकाकूंनी उकळलेली पुडी

कळव्याच्या मालनकाकूंचं जंतूंशी हाडवैर. चमचा उकळ, वाटी उकळ, खुळखुळा उकळ! एकदा तर नातवाचा प्लास्टिकचा हत्तीही पातेल्यात गेला आणि सोंडेविना बाहेर आला. "राहू दे, जंतू तर मेले ना," काकू म्हणाल्या. त्यांच्या घरी गॅसचा सिलिंडर महिनाभर पुरला तर शपथ!

नातू मुकुल, चार महिन्यांचा. कान फुटला म्हणून अँटिबायोटिक दिलेलं, त्यात पोट बिघडलं. दुपटी वाळत घालायला दोरी पुरेना. काकूंचं निदान तयारच होतं: आईचं दूध बाधलं. झालं! सुनेचं, वर्षालीचं, दूध तोडलं आणि बाटली सुरू झाली. काकूंच्या ज्ञानापुढे एमबीबीएसची काय बिशाद!

तरी वर्षाली हट्टाने त्याला डॉक्टर रसिकाबाईंकडे घेऊन गेली. काकू पहारेकरी म्हणून सोबत. डॉक्टरांनी पुड्या दिल्या. पोटातल्या वाईट जंतूंना हुसकावणारे चांगले जंतू त्यात आहेत, म्हणाल्या. काकूंनी मान डोलावली, घरी आल्या आणि पुडी पाण्यात टाकून चांगली खळखळून उकळली. जंतू तो जंतू. चांगला म्हणून काय त्याची आरती करायची?

जुलाब थांबेनात. पोर सुकत चाललं, रडायलाही त्राण उरलं नाही. वर्षालीची छाती दुधाने दाटून ठणकत होती. पुन्हा दवाखाना गाठला.

"अहो आजी, ते जंतू जिवंत होते! तुम्ही मारून त्यांचं सूप पाजलंत," डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि दूध कुणी तोडलं? चांगल्या जंतूंचं खाणं त्या दुधातच असतं. जुलाबात तर ते बंद करायचंच नाही. वर्षाली, आधी इथेच पाज त्याला. मग सलाईनचं बघू."

वर्षालीने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. पोर तिला बिलगलं आणि चुटूचुटू ओढू लागलं.

काकू स्टूल न पुसताच बसल्या! कळव्यात हे कुणी पाहिलं नव्हतं. मुकुलकडे बघत म्हणाल्या, "तोडलं नसतं, तर जगला असता का हो?"

"जगेल की! पितोय बघा."

"हा नाही. माझा थोरला. सासूबाईंनी तोडायला लावलेलं."

डॉक्टरांनी आपली खुर्ची काकूंजवळ ओढली. तेवढ्यात कुणीतरी दार ढकललं. काकू चटकन उठल्या, पदर पसरून सुनेपुढे आडोसा करून उभ्या राहिल्या.

"पाज गं," त्या म्हणाल्या. "कुणाचं ऐकू नकोस. माझंसुद्धा."