निळं कापड आणि माझं एक वाक्य

आम्हाला नववीच्या मराठीच्या पुस्तकात एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीतला उतारा होता. विधवा सून उंबऱ्यात उभी आहे, दीर तिला माहेरी धाडायला निघालेत, आणि ती म्हणते, "विहीर माझ्या नावावर नसेल, पण पाणी मीच काढलंय. मी कुठे जाणार नाही." हे वाक्य मला स्टेजवर म्हणायचं होतं. शाळेच्या गॅदरिंगला ते दुसरीला मिळालं, कारण मी उंच होते आणि उंच मुलींना दीर करायचे. मिशी लावून मी तिला घराबाहेर काढत होते आणि मनातल्या मनात तिचंच वाक्य म्हणत होते.

त्यामुळे यंदा आमच्या चिरंजीवांनी सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याच कादंबरीवर नाटक बसवायचं ठरवलं आणि म्हणाले, "आई, सून तू करतेस," तेव्हा पन्नाशी उलटलेली मी दुसऱ्या दिवशी आचोळ्याच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून एकटीच हसत सुटले. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

मुलाची नोकरी अंधेरीत, जीव मात्र एकांकिकांत. त्याची स्वतःची एक शैली आहे. म्हणजे धूर, निळं कापड आणि पॉज. गेल्या वर्षी बालनाट्यातला ससासुद्धा धुरातून आला आणि पुढच्या रांगेतली दोन पोरं रडत घरी गेली. पण मला वाटलं, ही एवढी मोठी कादंबरी, हिच्यापुढे तरी पोरगं नमेल. कसलं काय!

तालमी गच्चीवर सुरू झाल्या. कादंबरीतल्या विहिरीचं झालं निळं कापड. ते काळे टी-शर्ट घातलेल्या चौघांनी हलवायचं. दिरांना मुखवटे. बैल झाले दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका. त्यांनी काळाचं प्रतीक म्हणून नाटकभर गोल गोल फिरायचं. काकांना चक्कर यायला लागली, तर हा म्हणतो, "परफेक्ट, तीच पाहिजे." हसून हसून आमची पोटं दुखायची. पण घरी येऊन पुस्तक उघडलं की माझं तोंड उतरायचं. त्यात दोर होता, बादली होती, तिच्या तळहाताला आलेले फोड होते. धूर होता तो फक्त चुलीचा.

आणि मग माझं वाक्यच गेलं.

"आई, तिथे शब्द नकोत. हात वर कर, लांब बघ. पॉज."

"किती वेळ?"

"मी धूर सोडेपर्यंत."

"अरे, अख्खं पुस्तक त्या एका वाक्यासाठी आहे."

"म्हणूनच ते सायलेन्समध्ये पाहिजे. ट्रस्ट मी."

मला इतका राग आला की आठवडाभर मी त्याच्या डब्यात दुधी दिला. तोही मुकाट्याने खाऊन आला. दिग्दर्शक हट्टी असतात.

सत्यनारायणाच्या संध्याकाळी प्रसाद वाटून झाला आणि पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. पहिल्या रांगेत माझ्या माहेरच्या गावाहून, गासहून आलेली माझी काकू होती. शाळेत असताना मी हे वाक्य घोकत आमची वाडी पालथी घालायचे, त्यामुळे शाळेत न जाताही ते तिला पाठ होतं. पडदा उघडला. काका फिरले, कापड हललं, मुखवट्यांनी मला घेरलं. मी उंबऱ्यात आले, हात वर केला आणि लांब बघितलं. लांब म्हणजे गेटाशी उभा असलेला पाण्याचा टँकर दिसत होता.

धूर येईना. विंगेत मुलगा मशीनला थापा मारत होता. पॉज वाढत चालला, माझा हात भरून आला, काका तिसऱ्या फेरीत खांबाला टेकले.

"इसरली ती," काकू शेजारणीला म्हणाली. मग सरळ मला हाक मारून म्हणाली, "अगं बोल ना. पानी मीच काढलंय, बोल."

विंगेतून मुलगा दोन्ही हातांनी नको नको करत होता. तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "विहीर माझ्या नावावर नसेल, असं आहे ते आधी. आम्हाला होतं शाळेत." मग मनवेलपाड्याहून आलेल्या कुणाच्या तरी नणंदेने सांगितलं, मग अजून दोघींनी. सगळं पार्किंग मला प्रॉम्प्ट करायला लागलं. मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी हात खाली घेऊन म्हटलं, "विहीर माझ्या नावावर नसेल, पण पाणी मीच काढलंय. मी कुठे जाणार नाही."

टँकरच्या पाण्याचे हंडे जिन्याने वर नेणाऱ्या आमच्या बायका अशा काही टाळ्या वाजवत सुटल्या की मी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणून टाकलं. मला थांबताच येत नव्हतं. तेव्हा कुठे धूर आला, आणि काकांना खोकल्याची उबळ आली.

नाटकानंतर मी आणि मुलगा निळ्या कापडाची दोन दोन टोकं धरून घडी घालत होतो. मला वाटलं, आता भांडणार. तर म्हणाला, "माझा पॉज होता म्हणून वाक्य लागलं, हं." खोटं नव्हतं ते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग त्याने हळूच विचारलं, "आई, शेवटी ती विहीर कुणाला मिळते?"

"तू पूर्ण वाचलं नाहीस?"

"अर्ध्यापर्यंत वाचलं. मग मला व्हिजन आलं. सांग ना, मिळते का तिला?"

शंभर गोष्टी जिभेवर आल्या होत्या. मी कापडाची टोकं त्याच्या हातात दिली, हात वर केला, लांब बघितलं आणि तो पुस्तक शोधायला घराकडे वळेपर्यंत तशीच उभी राहिले.