जर्मनीची तालीम, ठाण्यात

विद्यापीठाच्या ओळखपत्रावर मला आसपासच्या प्रदेशात रेल्वेने कुठेही फुकट हिंडता येतं, ही माहिती मी जर्मनीतून घरी फोनवर सहज दिली. डोंबिवलीच्या माणसाला पास म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच शनिवारी सकाळी बाबांचा फोन आला.

"पास आहे ना? मग खोलीत काय करतेयस?"

"कपडे धुतेय."

"कपडे काय, रविवारी धू की."

रविवारी तिथे मशीन लावायला बंदी होती. आवाजाने शेजाऱ्यांची शांतता बिघडते म्हणे. बाबांना हे अजिबात पटलं नाही. मला फिरायचा कंटाळा आहे आणि मी एका अख्ख्या देशाच्या नावावर थापा मारतेय, असा त्यांचा समज झाला. तेव्हापासून माझे शनिवार त्यांच्या ताब्यात गेले.

बाबा मानपाड्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सहलीचे कायमचे आयोजक. बसच्या दारात उभं राहून माणसं मोजण्यात त्यांना जो आनंद मिळतो, तो पुढे दिसणाऱ्या कुठल्याही धबधब्यात मिळत नाही. त्यांच्या लेखी बघण्यासारख्या जागेला एकच शब्द, पॉइंट. महाबळेश्वरला पॉइंट असतात, माथेरानला असतात, तेव्हा जर्मनीतही असणारच. मी एखाद्या किल्ल्याच्या गावी जाऊन नदीकाठी जरा निवांत बसले की फोन वाजायचा. "किती पॉइंट झाले?" एकच झाला म्हटलं की त्यांचा आवाज पडायचा.

मग मी पॉइंट करू लागले. सकाळी चर्च, दुपारी किल्ला, संध्याकाळी पूल. चार-पाच चर्च झाल्यावर मला ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येईनाशी झाली, पण बाबांना येत. नुसत्या इमारतीचा फोटो पाठवला तर तो परत यायचा. "इमारत नेटवर आहे. तू कुठे आहेस यात?" त्यामुळे निम्म्या जर्मनीला मी माझा फोटो काढायला लावलेला आहे.

पुढे पुढे प्रश्न बदलले. पायऱ्या किती आहेत? कठडा आहे का? मध्ये बसायला बाक आहे का? बाथरूम किती लांब? आठशे वर्षांपूर्वीच्या चर्चमध्ये उभं राहून मी व्हिडिओवर बाथरूमचा रस्ता दाखवत होते, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"बाबा, तुम्हाला नक्की काय बघायचंय?"

"तुझ्या आईला घेऊन येणार आहे," ते म्हणाले. "तुझ्या पदवीदानाला."

म्हणजे माझे एवढे शनिवार या माणसाने माझ्याकडून रेकी करून घेतली होती. मला रागावताही येईना, कारण आईने यावं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त हवं होतं. तिला फोनवर सगळं "मस्त" आहे असं सांगून सांगून मी कंटाळले होते. एकदा तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, माझी खोली, माझा रस्ता, मी भाजी घेते ते दुकान, असं मला फार वाटायचं. आईचं मात्र एकच पालुपद. "माझे गुडघे बघा आधी. तुम्ही जाऊन या." ती सोसायटीच्याही एकाही सहलीला गेली नव्हती. कोणीतरी घरी लागतं, म्हणायची. कोणाला लागतं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

डिसेंबरात मी सुट्टीवर घरी आले. बाबांनी जाहीर केलं की रविवारी गुडघ्यांचा सोक्षमोक्ष लावायचा. जर्मनीतल्या एका दिवसाची तालीम करायची, ठाण्यात.

"ठाण्यात का?" मी विचारलं.

"तळं आहे, तळ्यासमोर जुनं चर्च आहे, टाऊन हॉल आहे, बाजार आहे. स्वच्छता सोडली तर आणखी काय लागतं?"

नियम माझ्याच शनिवारांवरून बनवलेले होते. रिक्षा करायची नाही. जेवण थंड, तेही ब्रेड. चहा चारच्या आधी नाही. आणि आईने बूट घालायचे. बाबांनी पांढरेशुभ्र बूट आणूनच ठेवले होते. आईने ते पंजाबी ड्रेसवर घातले, आरशात बघितलं आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारच्या काकूंना त्यांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "डॉक्टरांनी सांगितलंय."

आम्ही बसने ठाण्याला गेलो आणि चालायला लागलो. बाबा पुढे, त्यांच्यामागे आई, शेवटी मी. त्यांनी तळ्याला बाहेरून अख्खी फेरी मारायला लावली, चर्चसमोर आम्हाला उभं करून फोटो काढला, आणि मला माहिती सांगायला सांगितली. मला त्या चर्चबद्दल काहीच माहीत नव्हतं. जन्मापासून मी त्याच्यासमोरून गेलेय. जर्मनीतल्या चर्चच्या पायऱ्या, बाक आणि बाथरूम मात्र मला पाठ होते.

टेंभी नाक्यावर बाबांनी आम्हाला लाल सिग्नलला थांबवलं. तिकडे गाडी नसली तरी लोक थांबतात, हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलेलं. इकडे सगळं ठाणं आमच्या दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडत होतं आणि आम्ही तिघं फुटपाथवर शिस्तीत उभे. एका रिक्षावाल्याला आमची दया आली.

"काकू, कुठे जायचंय?"

"जर्मनीला," आई म्हणाली.

"त्या साइडला नाय जात," तो म्हणाला आणि निघून गेला.

आई हसायला लागली ती थांबेचना. मी तिला रस्त्यात उभं राहून असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी तळ्याकाठी बसून आम्ही थंड सँडविच खाल्लं. समोरच्या गाडीवरून वड्यांचा वास येत होता. "तिकडे मिळणार नाही, आत्तापासून सवय करा," बाबा म्हणाले आणि बाथरूम बघून येतो सांगून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मिशीला लसणीची चटणी होती. आईने बघितलं, आणि मुकाट्याने आपला ब्रेड खाल्ला.

जेवणानंतर बाजार झाला, देऊळ झालं, आणि खास किल्ल्याची सोय म्हणून एका पादचारी पुलाच्या पायऱ्या दोनदा चढून उतरून झाल्या. आई कुठेही थांबली नाही. दुसऱ्या खेपेला तर ती वर पोचून माझी वाट बघत होती आणि मी कठड्याला धरून धापा टाकत होते. चार वाजता आम्ही पुन्हा तळ्याकाठच्या बाकावर आलो. बाबा खुशीत चहा आणायला गेले. आईने बूट काढून पाय मोकळे केले.

"गुडघे तर छान चालतायत की तुझे," मी म्हटलं.

"दुखतात. पण न येण्याइतके नाही."

"मग का नाही म्हणतेस?"

ती तळ्यातल्या बोटींकडे बघत राहिली. "दर रविवारी मी तुला फोनवर म्हणते ना, बास झालं आता, ये परत. ते मी तिकडचं काही बघितलेलं नाही म्हणून म्हणू शकते. उद्या तिकडे आले, तुझी खोली बघितली, तू तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलताना बघितलं, आणि मला सगळं आवडलं, तर? मग परत ये, हे कुठल्या तोंडाने म्हणू?"

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. एवढे दिवस ही बाई गुडघ्यांच्या मागे लपून बसली होती आणि आम्ही दोघं पायऱ्या मोजत होतो.

"तू ये," मी म्हटलं. "सगळं बघ, आवडू दे. आणि तरी म्हण."

"म्हटलं तर येशील?"

हो म्हणणं सोपं होतं. तेच तोंडावर आलं होतं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

आईने मान हलवली. तिने माझा हात हातात घेतला, जरा दाबला आणि सोडून दिला. तेवढ्यात बाबा तिन्ही कप सांभाळत आले.

"काय मग? काढायची का तिकिटं?"

"काढा," आई म्हणाली. "जायची दोन, यायची तीन."

"तीन कशाला?" बाबा म्हणाले. हिशोबात चूक झाली की ते जसं समजावतात, तसंच समजावून म्हणाले, "यायची पण दोनच. ही कशाला येईल? हिचं घर तिकडेच आहे ना."

बोलून झाल्यावर त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहाचे कप हातात तसेच धरून ते आमच्यासमोर उभे राहिले.