बाईंच्या गाडीचा डावा बॉल जॉइंट

उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे. गाडीच्या पुढच्या चाकांची कामं मी पंचवीस वर्षं करत आलोय. नुसता आवाज ऐकून हा माणूस रोग सांगतो, असं लोक म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं.

माझ्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर त्यांची गाडी वर्षभर दारात नुसती उभी होती. मग साठीच्या तोंडावर क्लास लावून बाई गाडी शिकल्या. कारण त्यांची थोरली बहीण बिद्री गावात अंथरुणाला खिळलेली होती. दर रविवारी जायचं, तिला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, चादरी बदलायच्या आणि जेवू घालून परत यायचं. धुतलेल्या चादरी, जेवणाचे डबे असं सगळं सामान घेऊन एसटीतून जाणं त्यांना झेपत नव्हतं.

एका सोमवारी त्या गॅरेजवर आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, डावीकडून आवाज येतोय. कट्ट असा. सपाट रस्त्यावर येत नाही. चाक खड्ड्यातून वर येताना येतो आणि वळताना जास्त येतो." हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनच आणलं होतं.

मी हसलो. "बाई, असं लिहून गाडी दुरुस्त होत न्हाय. किल्ली द्या."

गल्लीतून एक फेरी मारली आणि चाकाजवळचा लिंक रॉड, म्हणजे जोडदांडा, गेलाय म्हणून सांगून टाकलं. तसा तो थोडा सैल होताच. दोन्ही बाजूंचे बदलले आणि गाडी देऊन टाकली.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. "आवाज कमी झालाय, पण गेला नाही. आणि आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते. डावा टायरही आतल्या कडेनं झिजलाय, मी वाकून बघितला."

आमच्या धंद्यात यापेक्षा स्पष्ट कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी गाडी जॅकवर घ्यायची, चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवायचं, मग लोअर आर्म म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली पहार घालून जरा उचलून बघायचं. या दांड्याला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट झिजला असेल तर त्याचा ढिलेपणा हाताला लगेच कळतो. दहा मिनिटांचं काम. पण त्या दिवशी तीन गाड्या रांगेत होत्या, आणि खरं सांगायचं तर एका शिक्षिकेनं मला रोग समजावून सांगावा हे मला आवडलं नव्हतं. मी बॉनेटवर दोनदा जोर देऊन बघितलं. गाडी खाली जाऊन वर आली आणि थांबली. म्हणजे शॉकअप चांगले, एवढंच त्यातून कळतं.

"बाई, त्या रस्त्याची उसाच्या ट्रॉल्यांनी काय दशा केलीय, बघितलासा न्हवं? गाडी वाजणारच की."

"म्हणजे काळजीचं काही नाही?"

"काय न्हाय. बिनधास्त जावा."

त्या गेल्या. पुढच्याच रविवारी दुपारी बिद्रीहून परतताना कळंब्याजवळच्या वळणावर डावा बॉल जॉइंट निखळला. चाक आडवं झालं आणि गाडी रस्त्याकडेच्या चरीत गेली. वेग कमी होता म्हणून निभावलं, तरी बाईंचं मनगट मोडलं. गाडी आणायला मीच गेलो. खाली वाकून बघितलं. जॉइंटचं रबर कधीच फाटलं होतं आणि ग्रीसच्या जागी आत गंज होता. ते काही एका आठवड्यात झालेलं नव्हतं. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाही ते तसंच असणार.

दोन दिवसांनी भेटायला गेलो. बाई प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल. खड्डा चुकवता आला नाही मला. तुम्हालाही नीट सांगता आलं नसेल. या वयात शिकायलाच नको होतं."

तिथंच सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण गॅरेजचं नाव डोळ्यासमोर आलं आणि मी म्हणालो, "होतं असं, बाई. थोडक्यात सुटलासा."

हात बरा झाला, पण बाई पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या नाहीत. गाडी हातकणंगल्याच्या कुणाला तरी विकली. बिद्रीला एसटीनं जायला लागल्या. आधी दर रविवारी, मग पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. दिवाळीनंतर त्यांची बहीण वारली. त्यांच्या शेजारचे गृहस्थ सर्व्हिसिंगला आले होते, त्यांच्याकडून मला हे कळलं. हातातला पाना मी खाली ठेवला. त्या दिवशी माझ्याकडून काही काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. जॅक लावला नव्हता, चाक हलवून बघितलं नव्हतं आणि निखळलेला जॉइंट बघूनही गप्प बसलो होतो, हेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे मी आवाज बरोबर ओळखला होता?"

"तंतोतंत. माझ्यापेक्षा बरोबर."

त्या म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगायचं होतंत. मी परत चालवली असती. मला वाटलं, मला जमतच नाही. तिकडं ताई रविवारी दुपारपर्यंत दाराकडं तोंड करून पडून असायची. तिला सांभाळणारी बाई मागाहून बोलली मला."

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. त्या उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणि पेला आणून माझ्यापुढं ठेवला. पाणी पिऊन मी निघालो.

आता चाकाचा आवाज घेऊन कुणीही आलं तरी मी गाडी आधी जॅकवर घेतो आणि गिऱ्हाईकाचं सांगून होईपर्यंत तोंड उघडत नाही. बाई मात्र पुन्हा गॅरेजवर आल्या नाहीत. दुसरी गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही.