सुताचा हत्ती

जरीपटक्याच्या बागेत मी त्याला एकदाच पाहिलं. अंगात बुटीबोरीच्या सूतगिरणीचा गणवेश, हातात उरलेल्या सुताचा गुंडा. शेजारी त्याची पाच वर्षांची मुलगी, प्राण्यांच्या चित्रांच्या पुस्तकाकडे पाठ करून बसलेली.

"मॅडम, जरा टोक पकडता का?"

मी पकडलं. तो सूत सोडत आठ पावलं मागे गेला.

"काय मोजताय?"

"हत्ती."

ससा हत्तीएवढा असतो, असं मुलीने शाळेत सांगितलं होतं. सगळा वर्ग हसला, तेव्हापासून ती पुस्तक उघडेना.

"पुस्तकात दोघंबी तळहाताएवढेच हायेत, मॅडम. पोरीचं काय चुकलं?"

भाच्यांना मी अशी कितीतरी पुस्तकं दिली आहेत. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मुलगी वळली. बापाच्या टोकापाशी जाऊन सुताला लागून आडवी पडली, उठली, पुढे सरकून पुन्हा पडली. माझ्यापर्यंत पोचायला तिला सहा वेळा पडावं लागलं. मग तिने स्वतःच पुस्तक उघडून सशावर बोट ठेवलं. बापाने दोन वितींचं सूत तोडून दिलं.

ते हातात घेऊन ती म्हणाली, "बाबा, हत्तीचंबी दे. दोन्ही शाळेत न्यायचे हायेत."